खुर्चीमागची पिशवी

इंग्लंडहून परत आल्यापासून भेटेल तो मला एकच विचारतो, "राजा बघितला का?" बचत गटातल्या बायका विचारतात, डेअरीवर दूध घालायला येणारे विचारतात, परवा तर ग्रामसेवकांनीही विचारलं. नाही बघितला. नोटेवर बघितला, नाण्यावर बघितला, रस्त्यातल्या लाल टपालपेटीवर मुकुट बघितला, ताईला टॅक्सचं पाकीट आलं त्यावरही 'महाराजांचं खातं' असं छापलेलं होतं. स्वतः मात्र कुठं भेटला नाही. आणि खरं सांगायचं तर त्याचा देश चालतो कसा, हेही सहा आठवडे राहून मला कळलं नाही. जे कळलं नाही तेच लिहायला बसले आहे.

आता मी काही राजकारणात अगदीच कोरी नाही. कराडजवळच्या आमच्या गावची मी सरपंच होते, महिला राखीव जागेवरून. मुदत पुरी व्हायच्या आधीच अविश्वास ठराव आला आणि त्यात माझ्या सख्ख्या जावेनं हात वर केला, तो भाग वेगळा. पण सत्ता कुठं असते आणि सही कोणाची लागते, एवढं मला कळतं असा माझा समज होता. तो लेस्टरच्या बसस्टॉपवरच गळून पडला.

लेस्टर

माझी थोरली बहीण कुसुमताई चाळीसहून जास्त वर्षं लेस्टरला आहे. लग्न होऊन गेली ती तिथंच. आधी मोज्यांच्या कारखान्यात शिवणकाम केलं, मग एका शाळेच्या स्वयंपाकघरात. दाजींनी निवृत्त होईपर्यंत शहरातली बस चालवली. एकुलता एक मुलगा नितीन, तो लंडनच्या हॅरो भागात राहतो आणि बँकेत नोकरी करतो. ताईचं घर लाल विटांच्या लांबलचक चाळीतलं एक, पुढं दोन हात जागा, त्यात कढीपत्त्याची कुंडी. थंडीत ती कुंडी घरात येते आणि टीव्हीशेजारी बसते.

घरात आता ताई एकटीच. दाजींचं विसरणं वाढत वाढत इतकं गेलं की मागच्या वर्षी त्यांना केअर होममध्ये ठेवावं लागलं. ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. ताई रोज दुपारी जेवणाचा डबा घेऊन तिकडं जाते. तिथलं जेवण ते थुंकून टाकतात, पण ताईनं वरणभात कालवून भरवला की निमूट खातात. घराच्या कोपऱ्यावरून बस निघते ती थेट केअर होमच्या दारात थांबते. ताईचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, तरी त्या एका बसच्या जोरावर तिचं सगळं चाललं होतं.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. दाजी खिडकीशी बसले होते. मला ओळखलं नाही. ताईकडे बघून विचारलं, "बस मिळाली का गं?"

"मिळाली," ताई म्हणाली आणि डबा उघडला.

रोज हेच विचारतात म्हणे. बायकोचं नाव आठवत नाही, मुलाचं आठवत नाही, पण डबा घेऊन येणाऱ्या या बाईला बस मिळाली की नाही, याची काळजी मात्र त्यांना रोज असते. मला त्या दिवशी तिथं रडू आलं आणि मी उगाच खिडकीचा पडदा नीट करत बसले.

परत येताना ताईनं आणखी एक सांगितलं. तिथले डॉक्टर आठवण तपासायला प्रश्न विचारतात. साल कोणतं, महिना कोणता, गादीवर कोण आहे, पंतप्रधान कोण. "गादीवर कोण याला हे नेहमी 'राणी' म्हणतात," ताई म्हणाली. "ती जाऊन किती दिवस झाले. पंतप्रधानाचं मात्र डॉक्टरच सोडून देतात. म्हणतात, ते हल्ली आम्हालाही पटकन सांगता येत नाही."

बसमधून उतरलो तर स्टॉपच्या खांबाला एक कागद डकवलेला होता. ताईनं चष्मा लावून वाचला, आणि पुन्हा वाचला. ही बस महिनाअखेरीपासून बंद.

मी म्हटलं, "त्यात काय एवढं. उद्या डेपोत जाऊ. डेपो मॅनेजर कोण आहे?"

ताईनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि घराची वाट धरली.

मग मी चौकशीला लागले, म्हणजे ताईला पुढं करून मागून विचारायला लागले. बस कंपनी खासगी. त्यांनी फोनवर अतिशय गोड आवाजात सांगितलं की या मार्गावर त्यांना परवडत नाही, इतके दिवस काउन्सिल पैसे घालत होतं म्हणून चाललं, ते बंद झाले, सॉरी. काउन्सिल म्हणजे आपली महापालिका. तिथला नगरसेवक सांगितल्यावर स्वतः घरी आला. हे मला फार आवडलं. बूट दारात काढले, चहा प्यायला, कांदेपोहे दोनदा घेतले आणि म्हणाला की निधी वरच्या सरकारकडून येतो, तो कमी झाला, त्याचाही नाइलाज आहे, सॉरी. वरचं सरकार म्हणजे लंडनचं. लंडनचं सरकार कोणाचं? तर महाराजांचं. मग महाराज काय म्हणतात? महाराज काही म्हणत नाहीत.

आमच्याकडे माणूस काम करत नसला तर निदान अंगावर तरी येतो. इथं जो भेटेल तो हळहळत होता. रागवायचं कोणावर हेच मला समजेना.

संध्याकाळी मी नितीनला फोन लावला. तो तिथंच जन्मलेला, मराठी बोलतो पण त्याची स्त्रीलिंगं पुल्लिंगं इकडची तिकडं होतात. "मावशी, तू एवढा टेन्शन नको घेऊ. काउन्सिलची बजेट कट झालाय, दॅट्स इट."

"पण बजेट कोण कापतं?"

"पार्लमेंट व्होट करते. ट्रेझरी डिसाइड करते. सगळा मिळून."

"आणि राजा?"

"किंग साइन करतो."

"त्यानं सही नाही केली तर?"

"मावशी, तो नाही म्हणत नाही. लास्ट टाइम नाही म्हटला तो थ्री हंड्रेड इयर्स झाले."

"मग सहीला त्याच्याकडे कशाला नेतात?"

नितीन म्हणाला, "न्यावा लागते."

मी फोन ठेवला आणि ताईला म्हटलं की आपण रास्ता रोको करू. ताई म्हणाली, "शालन, तू इथं पाहुणी आली आहेस. पाहुण्यासारखी राहा."

खासदारबाई

रस्ता सापडला तो केअर होममधल्या एका नर्सकडून. तिनं सांगितलं की तुमच्या भागाच्या खासदार दर शनिवारी लायब्ररीत बसतात, कोणीही जाऊन भेटावं. मला खरं वाटेना. आमच्या खासदारांना मी सरपंच असताना एकूण दोनदा पाहिलं, त्यातलं एकदा हेलिकॉप्टरमधून उतरताना.

जायचं ठरल्यावर मी माझ्या पद्धतीनं तयारी केली. बेलग्रेव्ह रोडवर गुजराती दुकानांची रांगच आहे. तिथून एक बरी शाल घेतली, एक नारळ घेतला. ताई नको नको म्हणत होती. मी म्हटलं, लोकप्रतिनिधीकडे पहिल्यांदा रिकाम्या हातानं जायची आमच्यात पद्धत नाही.

लायब्ररीत मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक टेबल, त्यामागं खासदारबाई. साध्याच, पन्नाशीच्या, अंगात लोकरीचा कोट, शेजारी त्यांच्या मदतनीस बाई. ना पोलीस, ना गाडी, ना मागं उभे कार्यकर्ते. मी टेबलापाशी गेले, शाल त्यांच्या खांद्यावर घातली आणि नारळ हातात दिला. बाई शाल अंगावर घेऊन तशाच बसून राहिल्या. मदतनीस बाईंचा चेहरा मात्र बदलला. त्यांनी फार मऊ शब्दांत विचारलं, हे काय आहे आणि कशासाठी आहे?

ताईनं सांगितलं, मान म्हणून आहे. मग त्या दोघींचं आपापसांत हळू बोलणं झालं. अखेर खासदारबाईंनी शाल स्वतःच्या हातानं घडी करून मला परत दिली, नारळही दिला, आणि म्हणाल्या की तुमचा मान मला पोचला, पण काम सांगायला आलेल्या माणसाकडून मी काही ठेवून घेत नाही. मला ते ऐकून बरंही वाटलं आणि अपमानही वाटला. दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं ते मी सांगू शकत नाही.

ताईनं बसचं सांगितलं. इंग्रजीत सांगत होती, पण दाजींपाशी आल्यावर थांबली, आणि मी मध्येच मराठीत म्हटलं की ही रोज त्यांना भरवते, हिनं नाही भरवलं तर ते जेवत नाहीत. ताईनं तेवढं भाषांतर केलं नाही. पण खासदारबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली.

त्या म्हणाल्या की बस मी सुरू करू शकत नाही. ते माझ्या हातात नाही. (इथवर आल्यावर मला हसू यायला लागलं होतं.) पण तुम्ही सह्या गोळा करा, तुमचा अर्ज मी संसदेत मांडीन, मग सरकारला त्याला उत्तर द्यावं लागेल.

अर्जाचा मायना त्यांच्याकडून आला. लोकसभेसारख्या त्यांच्या त्या सभागृहाला उद्देशून होता: अमुक भागाचे रहिवासी असं असं म्हणतात, सभागृहानं सरकारला अशी अशी विनंती करावी, 'आणि अर्जदार राहतात, वगैरे'. मी ताईला ते शेवटचं पुन्हा वाचायला लावलं. आपण 'आपला विश्वासू' लिहितो, 'आपली कृपाभिलाषी' लिहितो. हे 'राहतात, वगैरे' म्हणजे काय? वगैरेत काय काय येतं? ताईनं मदतनीस बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पूर्वी तिथं लांबलचक वाक्य होतं, आता एवढंच उरलं आहे. तेवढं मात्र लिहावंच लागतं.

पुढचे दिवस मी आणि ताई सह्या घेत फिरलो. ताई आधी लाजत होती. चाळीस वर्षांत तिनं त्या देशाकडे काही मागितलं नव्हतं. पगार झाला, कर भरला, मत दिलं, संपलं. एकदा बसस्टॉपवर एक गोरे आजोबा तिला म्हणाले, कुठल्या पक्षाचं आहे हे? ती म्हणाली, "कुठल्याच नाही. माझ्या नवऱ्याचं आहे." आजोबांनी टोपी काढून सही केली. त्यानंतर ताई लाजली नाही. देवळात, दवाखान्यात, केशकर्तनालयात, सगळीकडे ती पुढं आणि मी मागं. मला त्या दिवसांत तिचा फार अभिमान वाटला आणि तिला तो बोलून दाखवला तर म्हणाली, तुझ्या प्रचाराला मी नव्हते ना, म्हणून आता भरून काढते आहे.

अर्ज दिला. मांडायचा दिवस पुढच्या आठवड्यात ठरला. आणि मध्येच पंतप्रधान टीव्हीवर आले आणि निवडणूक जाहीर करून गेले.

हॅरो

ताईला मुद्दा कळायच्या आधी मला कळला. मी कपाळाला हात लावला आणि म्हटलं, "ताई, आचारसंहिता लागली." त्या देशात गेल्यापासून मला कळलेली ती पहिली गोष्ट. काम अडलं की आमच्याकडे हेच उत्तर मिळतं.

पण आमच्या आचारसंहितेपेक्षा तिथलं प्रकरण भारी निघालं. मदतनीस बाईंनी फोनवर सांगितलं की संसदेचे आता एकदोनच दिवस उरले आहेत, मग ती विसर्जित होईल, आणि विसर्जित झाली की देशात एकही खासदार उरणार नाही. खासदारबाई नुसत्या बाई होतील. नावापुढं खासदार लिहायचीही परवानगी नाही. मांडायचं असेल तर शेवटच्या दिवशीच, आणि वेळ मिळाला तर. तुम्हाला बघायला यायचं असेल तर या, मी गॅलरीत बसवते.

ताई म्हणाली, "जाऊ." दाजींच्या डब्यासाठी शेजारणीला सांगितलं. नर्सला फोन केला. दाजी त्या दिवशी जेवणार नाहीत हे ताईला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी म्हणाली, जाऊ.

रात्री मुक्काम नितीनकडे. हॅरो म्हणजे स्टेशनबाहेर पडताच खमण आणि डोसा दोन्हींचे वास. जेवताना मी त्याला धरलंच.

"खासदार नाहीत म्हणजे मंत्रीही नाहीत?"

"मिनिस्टर राहतात."

"कसे? निवडून आलेले कोणीच नाहीत, तर मंत्री कोणाचे?"

"किंगचे. दे आर हिज मिनिस्टर्स. पार्लमेंट नसला तरी गव्हर्नमेंट असते. सरकार कधी बंद नाही होत, मावशी. खुर्ची एम्प्टी ठेवायची नाही, म्हणून तर किंग आहे."

"आणि विरोधी पक्ष?"

"तो पण किंगचीच. हिज मॅजेस्टीज लॉयल ऑपोझिशन." मग मला समजावं म्हणून त्यानं मराठी केलं, "राजाची, म्हणजे राजाचा, प्रामाणिक विरोधी."

मी भाकरी मोडता मोडता थांबले. एकनिष्ठ विरोधक. पगारी. सरकारी मान असलेला. माझ्या जावेला मी तशी पदवी दिली असती तर तिनं हात वर केला असता का, असं एक भलतंच माझ्या मनात आलं. मग वाटलं, केला असता.

पण खुर्ची रिकामी ठेवायची नाही, हे मात्र मनातून जाईना. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत संपून वर्षं झाली होती, निवडणूक नाही, सदस्य नाहीत, प्रशासक सह्या करत होते. आमच्याकडे राजा नाही, तरी एका साहेबाच्या सहीवर जिल्हा चालतो. इथं राजा आहे, त्याच्या सहीशिवाय काही होत नाही, आणि तो स्वतः काही ठरवत नाही. यातलं लोकांचं राज्य कोणतं, हे मी नितीनला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, वरण वाढू?"

वेस्टमिन्स्टर

सकाळी संसदेच्या दारात तपासणी होती. माझी पिशवी यंत्रातून गेली आणि यंत्रामागचा पोलीस जागचा उठला. नारळ. लायब्ररीतून परत आलेला तो नारळ मी पिशवीतच ठेवला होता, अर्ज मांडला गेला की फोडू म्हणून. पोलिसानं तो हातात घेतला, कानाशी धरून हलवला, आत पाणी वाजलं तसा दुसऱ्या पोलिसाला बोलावलं. दुसऱ्यानंही हलवला. ताईनं मान खाली घातली होती. अखेर त्यांनी नारळ ठेवून घेतला आणि मला एक बिल्ला दिला, जाताना घेऊन जा म्हणाले.

गॅलरीत मोठी काच आहे. काचेखाली ते सभागृह, टीव्हीवर दिसतं त्याच्या निम्मंही नाही. हिरवे बाक, मध्ये टेबल, टेबलावर सोन्याचा मोठा दंड. दंड नसला तर सभाच भरत नाही, असं मदतनीस बाई म्हणाल्या. टेबलापलीकडं अध्यक्षांची खुर्ची, छत्र असलेली. राजा स्वतः या दालनात येत नाही. शेकडो वर्षांपूर्वी एक राजा आत शिरला होता, त्यानंतर येऊ दिलेला नाही. म्हणजे सरकार त्याचं, विरोधक त्याचे, दंड त्याचा, आणि त्यालाच यायला बंदी.

सगळ्या खासदारांना बसायला पुरेल एवढे बाकही नाहीत. कोणाची जागा ठरलेली नाही. ज्याला जागा हवी त्यानं सकाळी प्रार्थनेला यायचं आणि बाकाला आपल्या नावाची चिठ्ठी खोचून ठेवायची. हे मला एकदम समजलं. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो तेच. फक्त इथं रुमाल टाकायला आधी देवाचं नाव घ्यावं लागतं.

पुन्हा उभे राहणार नव्हते ते खासदार एकेक करून निरोपाची भाषणं करत होते. कोणी डोळे पुसत होतं, विरोधातले लोक टाळ्यांऐवजी 'हिअर हिअर' असं घुमत होते. चांगलं चाललं होतं, पण चाललंच होतं. ताई घड्याळ बघत होती. खासदारबाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर आमच्या सह्यांचा गठ्ठा. एकदा त्यांनी वर आमच्याकडे पाहिलं.

मग मदतनीस बाई मागून येऊन ताईच्या कानात बोलल्या. ताईनं मला सांगितलं, "वाचून दाखवायला वेळ नाही म्हणतात. पण अर्ज देता येतो. अध्यक्षांच्या खुर्चीच्या मागं एक हिरवी पिशवी टांगलेली असते. वाचायचा नसेल तर त्यात टाकायचा. तोही मांडलेलाच धरतात."

"पिशवी?"

"पिशवी."

"दिसेल ना आपल्याला?"

ताईनं खाली बघितलं. खुर्ची आमच्या तोंडासमोर होती. पिशवी तिच्या मागं.

थोड्या वेळानं खासदारबाई उठल्या. गठ्ठा छातीशी धरला. बाकांमधून चालत गेल्या, खुर्चीपाशी वळल्या आणि मागं दिसेनाशा झाल्या. कोणी वळून पाहिलं नाही. समोर एक म्हातारे खासदार आपल्या मतदारसंघातल्या नदीबद्दल बोलत होते. मग बाई खुर्चीच्या बाजूनं पुन्हा दिसल्या. हात रिकामे.

"टाकला," ताई म्हणाली.

"तुला दिसला?"

"नाही. पण हात रिकामे आहेत."

ताईनं माझा हात धरला होता, तो दुखेपर्यंत. त्या खुर्चीमागं काय झालं ते मी अजून पाहिलेलं नाही. पण तेवढ्यासाठी दाजी त्या दिवशी उपाशी होते, हे मला माहीत होतं.

बाहेर पडताना मी बिल्ला दिला आणि नारळ परत घेतला. फोडायला दगड शोधत होते तर ताई म्हणाली, इथं नको, पोलीस धरतील.

त्या दिवशी नितीननं टीव्हीवर पुढचं दाखवलं. दुसऱ्या सभागृहात लाल झगे घातलेले काही लोक बसले होते, राजाच्या वतीनं. उरलेल्या कायद्यांची नावं एकेक वाचली आणि प्रत्येकाला एक माणूस जुन्या फ्रेंच भाषेत म्हणाला, राजाची इच्छा आहे. इंग्रजांच्या देशात इंग्रज राजा फ्रेंचमधून हो म्हणतो, तेही स्वतः नाही.

पुन्हा लेस्टर

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकते. निवडणूक माझ्या परतीनंतर झाली. सरकार बदललं. ताईनं मत दिलं, कोणाला ते सांगितलं नाही. काही महिन्यांनी अर्जाला उत्तर आलं, नव्या मंत्र्याच्या खात्याचं. फार आपुलकीचं होतं. अर्जदारांच्या भावना सरकारला समजतात, मात्र मार्गांबाबतचे निर्णय स्थानिक पातळीवर होतात. म्हणजे काउन्सिल. म्हणजे ज्यानं दोनदा पोहे घेतले तो.

पण मला लिहायचं आहे ते त्याच्या आधीचं, बस बंद झाल्यावरच्या पहिल्या दिवसाचं. देशात तेव्हा एकही खासदार नव्हता. मंत्री होते, राजा होता, बस नव्हती.

सकाळी ताईनं नारळ फोडला. पायरीवरच फोडला, शेजारीण बघायला बाहेर आली. खोबरं खवून तिनं वड्या केल्या, वेलची घालून, जरा मऊच, दाजींना चावायला त्रास होऊ नये म्हणून. डबा भरला. मग आम्ही निघालो. एक बस पकडून मोठ्या चौकात उतरलो, तिथं थांबून दुसरी पकडली, ती केअर होमच्या अलीकडंच वळते. पुढचं चालत. साधा चढ होता. ताई प्रत्येक दिव्याच्या खांबाला हात लावून उभी राहत होती. मी डबा घेतला, पिशवी घेतली, तिला मात्र उचलून घेता येईना. मी सगळ्यांना शिव्या देत होते: कंपनीला, काउन्सिलला, विसर्जित झालेल्यांना आणि न झालेल्यांना. ताई काही बोलत नव्हती. तिला तेवढा श्वास नव्हता.

पोचलो तेव्हा जेवणाची वेळ कधीच टळून गेली होती. दाजींसमोरचं ताट तसंच होतं. ते खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत होते. ताई दारात जरा थांबली. रुमालानं घाम पुसला, केस नीट केले, श्वास जागेवर येऊ दिला आणि मग नेहमीच्या चालीनं आत गेली.

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. कपाळावर आठी होती. "बस मिळाली का गं?"

ताई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "मिळाली."

"उशीर झाला."

"गर्दी होती."

त्यांची आठी गेली. ताईनं वडी मोडून त्यांच्या तोंडात घातली. त्यांनी ती डोळे मिटून खाल्ली. मग माझ्याकडे वळले, पाहुणी आली आहे एवढं त्यांना कळलं असावं, आणि चौकशी करायची म्हणून विचारलं, "राणी बरी आहे का?"

महिनाभर मी त्या देशात प्रत्येकाला कोणाचं राज्य, कोणाची सही, कोणाची पिशवी, असं विचारत होते. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरी वडी त्यांच्या हातात दिली.

"बरी आहे, दाजी," मी म्हटलं. "सगळं चालू आहे."